दाखवायला या

आप्पा, आज सकाळी सांगलीहून फोन आला होता. तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्टची जागा आहे, येताय की नाही ते आजच कळवा म्हणाले. मी नाही म्हणाले. फोन ठेवल्यावर पहिल्या पेशंटला मीच पाच मिनिटं बाहेर बसवलं. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. मी तेव्हा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होते, त्यामुळे माझा दवाखाना तुम्ही पाहिलेलाच नाही. तेव्हा आधी तोच सांगते.

कोरेगावात, एका खताच्या दुकानामागं दोन खोल्या आहेत. युरियाचा वास कायम येतो. पेशंट म्हणतात, दवाखान्यात औषधाचा वास भारी येतो, आणि मीही त्यांना दुरुस्त करत नाही. तीन खाटा, शेक द्यायचं यंत्र, भिंतीला कप्पी आणि दोरी, चालायला शिकवण्यासाठी दोन्ही बाजूंनी दांड्या. कंबर, मान, गुडघे, वाऱ्यानं गेलेला हात असं सगळं येतं. तुम्ही औंधच्या बाजूला आपल्या घराच्या ओट्यावर बसून हाडं बसवायचात, त्यातलंच हे थोडं पुढचं. फरक एवढाच की मी फी घेते. तुम्ही कुणाचा पैसा घेतला नाहीत, यमाईला नारळ वाढव म्हणायचात आणि विषय संपवायचात. मला भाडं भरावं लागतं, आप्पा, आणि खतवाला नारळावर ऐकत नाही.

सातारला दहा वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यांत राबल्यावर हे स्वतःचं काढलं. ह्यांनी, म्हणजे तुमच्या न पाहिलेल्या जावयांनी, तेव्हाच सांगितलं होतं की दोन वर्षं बघ, तिसऱ्या दिवाळीपर्यंत बस्तान बसलं नाही तर नोकरी धर. मला ते पटलं होतं. नुसतं 'चाललंय' म्हणत आयुष्य काढणारे दवाखाने मी पाहिले होते. काय साधायचं ते कागदावर पाहिजे, असं ह्यांचं म्हणणं. म्हणून पहिल्या वर्षी दारामागच्या कॅलेंडरवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'रोज तीस पेशंट'. मग त्या तिसांच्या मागं लागले. पत्रकं वाटली, बाजाराच्या दिवशी मोफत तपासणी ठेवली, साखर कारखान्याच्या वसाहतीत जाऊन कंबरदुखीवर भाषण केलं. माणसं यायची हो. यायची, तीन दिवस शेक घ्यायची, जरा बरं वाटलं की गायब व्हायची. पुन्हा नवीन माणसं शोधा. वर्षभर मी रांजण भरत होते आणि तळाला भोक होतं. लोक म्हणू लागले, बाई चांगली आहे, पण तिच्याकडं गुण टिकत नाही. ते वाक्य मला फार लागलं. तुमच्या मुलीच्या हाताला गुण नाही, हे मी रोज मनात म्हणत होते आणि सांगलीच्या नोकरीच्या जाहिराती वाचत होते.

मग एक दिवस सुभेदार आले. रिटायर फौजी, उसाची बागायत, बोलणं ताठ, पण उजवा खांदा धरलेला. हे त्यांचं दुसऱ्यांदा येणं. तीन महिन्यांपूर्वी ते चारच दिवस आले होते आणि हात कानापर्यंत गेला होता. आता तो छातीच्याही वर जाईना. बनियन घालायला सुनेला हाक मारावी लागते, हे सांगताना त्यांची मान खाली गेली. मीच उलटी चिडले. म्हटलं, "काका, मधेच बंद का केलंत? अजून पंधरा दिवस यायला हवं होतं." ते म्हणाले, "मॅडम, तुमीच म्हनलासा, आता येऊ नका. अठ्ठावीस वर्सं पलटणीत काडली, हुकूम मोडायची सवय न्हाई आपल्याला."

खरंच म्हणाले होते मी, आप्पा. सगळ्यांनाच म्हणत होते. पेशंट दारातून "येतो मॅडम" म्हणाला की माझ्या तोंडून आपोआप निघायचं, "येऊ नका आता, बरे राहा." पुढच्या तारखेचं कार्ड टेबलावर तसंच कोरं पडलेलं असायचं. मला ते द्यायला लाज वाटायची, किंवा भीती.

ती कुठून आली ते मला पक्कं माहीत आहे. मी बारा वर्षांची असेन. ओट्यावर दहाबारा माणसं बसलेली आहेत, तुम्ही एका म्हातारीच्या घोट्याला बांबूच्या कामट्या बांधून वरून लोकरीची पट्टी आवळताय, मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी आहे. म्हातारी काठी टेकत उठते आणि मी मोठ्या मानानं म्हणते, "आजी, या परत." तुमचा हात थांबतो. "दुखणाईताला परत ये म्हंत्यात व्हय गं? तिच्या दुखण्याला आवतन देतीस?" सगळ्यांसमोर. मी तांब्या तिथंच ठेवून मेंढरांच्या वाड्यात जाऊन बसले, आणि तुम्ही संध्याकाळी नुसतं डोक्यावर थोपटलंत. पुढं सांगलीला कॉलेजात पाच वर्षं शिकले, सांध्यांचे अंश मोजायला शिकले, पण पेशंटला 'परत या' म्हणायला काही माझी जीभ वळली नाही.

सुभेदारांचं मी त्याच दिवशी घरी येऊन आईला सांगितलं. आई आता माझ्याकडंच असते. ती भाकरी थापत होती. म्हटलं, आप्पांच्या एका शब्दापायी माझा धंदा बुडाला. रागानंच म्हटलं, खोटं कशाला सांगू. आईनं तव्यावर भाकरी टाकली आणि म्हणाली, "त्यो ये म्हनत न्हवता, खरं हाय. पर आठव्या दिशी आपुन हून जायाचा की बघाय. मेंढरं मुद्दाम त्या अंगानं घालायचा. कुनाच्या दारात उबा ऱ्हाऊन म्हनायचा, जरा चालून दाव. मग कामट्या सोडायचा, न्हाईतर परत बांदायचा. तू बी असायचीस की संगं."

असायचे. कुणाकुणाच्या अंगणात पेरू खात उभी असायचे. मला वाटायचं आपण चाऱ्यासाठी हिंडतोय.

त्या रात्री मी तुमच्यावर जेवढी चिडले तेवढीच हसलेही. सोळा वर्षं तुमचा अर्धाच नेम पाळत बसले होते. तुम्ही 'ये' म्हणत नव्हतात कारण तुम्ही जात होतात. मी 'ये'ही म्हणत नव्हते आणि जातही नव्हते, आणि वर गुण टिकत नाही म्हणून रडत होते.

दुसऱ्या दिवशी कॅलेंडरवरचे तीस खोडले. नवीन लिहिलं, 'दिवाळीपर्यंत चाळीस जण पूर्ण'. पूर्ण म्हणजे ज्याचं जे ठरलं असेल ते. सुभेदारांचं ठरलं बनियन स्वतः घालणं. एका बाईचं ठरलं जमिनीवर बसून भाकरी करणं. एका मास्तरांचं, एसटीची पायरी आधाराशिवाय चढणं. ते पहिल्याच दिवशी पेशंटच्या तोंडून वदवून घ्यायचं आणि कार्डावर लिहायचं. एवढं झालं, पण 'परत या' अजून तोंडातून निघत नव्हतं. पहिल्यांदा धीर करून एका आजींना म्हणाले, तर त्या भडकल्याच. "आगं बाय, परत ये म्हंतीस? मी काय जलमभर लंगडतच ऱ्हाऊ?" त्यांच्या तोंडून तुम्हीच बोलताय असं वाटलं मला. आणि त्याच क्षणी तुमचंच दुसरं वाक्यही तोंडात आलं. म्हटलं, "तसं न्हवं आजी. बुधवारी अकरा वाजता मला चालून दाखवायला या." आजी म्हणाल्या, "दावाय व्हय? मग येते की." बुधवारी त्या नवं लुगडं नेसून आल्या आणि दांड्यांमधून अशा चालल्या की बाकावरच्या दोन बायका त्यांच्याकडं बघून व्यायामाला लागल्या.

तेव्हापासून दवाखान्यात तेच चालतं. दाखवायला या. बुधवारची दुपार मी मोकळी ठेवते आणि जे आले नाहीत त्यांच्या दारात स्कूटर नेते. काही जण मला बघून गोठ्यात लपतात, मग चहा घेऊन बाहेर येतात. बरे झालेले आता दुसऱ्यांना घेऊन येतात, पत्रकं छापायची गरज उरलेली नाही. दोन खाटांच्या तीन झाल्या. खतवाल्यानं पलीकडची खोलीही देऊ केली आहे. सुभेदार परवा येऊन गेले, शर्टाची बटणं काढून त्यांनी सगळ्यांसमोर बनियन काढलं आणि घातलं. बायका बसल्यात हेही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. मी डोळे पुसले, ते त्यांनी न बघितल्यासारखं केलं.

तर आज सांगलीला नाही म्हणाले. ह्यांना फोन करून सांगितलं, चाळीस पूर्ण झाले, आता मी इथंच. ते इतके खूश झाले की संध्याकाळी कंदी पेढे घेऊन येणार आहेत. आणि आता पेपरवेटखाली कागद दाबून तुम्हाला हे लिहितेय. पाठवायचं कुठं, हा प्रश्नच नाही, टेबलाच्या खणात राहील. पण एक सांगायचं राहिलंय. चाळीस नाही झाले, आप्पा. अडतीस झाले. दोघं राहिलेत, दोघंही होतील, बुधवारी जाणारच आहे मी त्यांच्याकडं. पण आज अडतीसच आहेत. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्ही असतात तर हे पत्र मलाच तुमच्यापुढं बसून मोठ्यानं वाचावं लागलं असतं, आणि या ओळीवर आल्यावर मी चाळीसच वाचलं असतं.