गुरुवारचा शेवटचा तास

सर, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. तुम्ही होता तेव्हा मी तुमच्याशी चार वाक्यांच्या वर कधी बोलले नाही, त्यामुळे आता लिहिताना अवघडल्यासारखं होतंय. तुम्हाला मी आठवणारही नाही कदाचित. कुंडलच्या शाळेत आठवी ‘ब’मध्ये होते, दोन वेण्या आणि जाड भिंगाचा चष्मा. शाळेच्या संघात मी कधीच नव्हते. सध्या कोरेगावला एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते.

तुमच्या तासाला आम्ही खो-खो खेळायचो. तुम्ही डबा घेऊन स्वतः मैदानावर चुन्याची फक्की मारायचा आणि दिवसभर तुमची पँट गुडघ्यापर्यंत पांढरी असायची. आठ जणी मधल्या पाटीवर बसायच्या, त्यात मी खांबाजवळची. मला कुणी खो द्यायचं नाही, कारण मी उठेपर्यंत पळणारी निसटायची. आणि खो मिळाल्याशिवाय तर उठता येत नाही. अख्खा डाव मी उकिडवी बसून काढायचे. पोरी मला मैलाचा दगड म्हणायच्या. त्याचं मला काही वाटत नाही, असं मी घरी सांगायचे.

एक दिवस तुम्ही शिट्टी मारून डाव थांबवता. आमच्यातली सगळ्यात चपळ मुलगी समोर धापा टाकत उभी आहे. तुम्ही तिला विचारता, “ती तिथं कशाला बसलीया गं? उन्हं खायला?” पोरी हसतात, मीही हसते. तुम्ही हसत नाही. “आजपासनं आठीच्या आठी जणी उठल्याबिगर मी कुणाला बाद धरणार न्हाई. मग किती बी पळा.” ती पोरगी भयंकर चिडली. पुढच्याच फेरीत तिनं माझ्या पाठीवर असा हात हाणला की मी तोंडावर पडले. ढोपर फुटलं, तशीच उठून पळाले. माझ्या हाती कुणी लागलं नाही, पण पळाले.

‘अ’ तुकडीबरोबर सामना लागला तेव्हाही तुम्ही मला पाटीवर बसवलंत. माझ्या हातून एक जण निसटली आणि आम्ही हरलो. नळावर पोरी मला यथेच्छ ऐकवत होत्या. तुम्ही शेजारच्या नळावर हात धूत होता. मान वर न करता म्हणालात, “हरला तर नऊ जणी हरला. एकीला नुसतं बसवून आठ जणी जिंकला असता, तर ते घिऊन मी काय करू?” त्यानंतर मी काही मोठी खेळाडू झाले नाही. पण शाळा सुटली की पाटाच्या कडेनं घरापर्यंत पळत जायचे, दप्तर पाठीवर आपटत. कुणाशी शर्यत नव्हती. नुसतंच बरं वाटायचं.

आणि सर, दिवाळीच्या सुट्टीपासून नववीचा गुरुवारचा खेळाचा तास मी गणिताला घेत होते. शिकवायचा भाग मागे राहिला होता. नवीन क्रीडाशिक्षक वयानं लहान, ते काही बोलले नाहीत. पालकही खूशच होते. गेल्या गुरुवारी शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. माण तालुक्याकडचं कुटुंब, वडील कामासाठी इकडं आलेले. वर्षभरात ती आपणहून कधी बोललेली नव्हती. “मॅडम, आज तरी ग्राउंडला सोडाल का?” मी म्हणाले, “ग्राउंडवर समीकरणं सुटतात का?” वर्ग हसला. तीही हसली आणि खाली बसली.

शाळा सुटल्यावर क्रीडाशिक्षक माझ्या टेबलाशी आले. “मॅडम, रागवू नका. ती पोरगी घरी गेली की धाकट्याला घिऊन खोलीतच आसती. पळायला तिला आठवड्यातनं तेवढाच तास हाय.” मी बघते म्हणाले आणि वह्या तपासत राहिले. कितीतरी वह्या नुसत्याच उलटल्या.

आज मी तास परत दिला. कडेला उभी राहून पाहत होते. ती फार वेगात पळत नाही, वळताना तिचा तोल जातो. पण चपला काढून, ओढणी कमरेला बांधून ती घंटा होईपर्यंत थांबली नाही. मग लालबुंद तोंडानं नळावर पाणी प्यायली आणि माझ्याजवळ आली.

हे पत्र मी तपासलेल्या पेपरांच्या गठ्ठ्यात ठेवून देईन. कुणाला दाखवण्यासारखं त्यात काही नाही. तुम्हाला फक्त एक सांगायचं होतं. तिनं विचारलं, “मॅडम, फुडच्या गुरुवारी पण?” मी म्हणाले, “हो, वेळापत्रक बदललंय.” वेळापत्रक बदललेलं नाही, सर. त्यात गुरुवारी शेवटचा तास पहिल्यापासून खेळाचाच लिहिलेला आहे. तो मीच काढून घेत होते, एवढं तिला सांगायचं माझं धाडस झालं नाही.