हवापालट नव्हे

प्रिय ताई, साष्टांग नमस्कार.

मी वेळेवर जेवते, काळजी नको. शेवटच्या दुखण्यासाठीचंच हे रुग्णालय आहे. इथे ह्यांच्या वेदना शमवतात, केसही विंचरतात. "आता करण्यासारखं काही नाही," म्हणून आम्हाला घरी पिटाळणाऱ्या त्या डॉक्टरांना इथे आणून उभं करायला हवं!

पण शहाणी मीच. हवापालटाला चाललोय असं सगळ्यांना सांगून आले, म्हणून कुणी फिरकत नाही.

काल हे म्हणाले, "अगं, मी चाललोय हे माझ्या भावाला कळव. मागून येऊन भांडला तर मला उत्तर देता यायचं नाही." आम्ही दोघं हसलो.

माझ्या दिरांना तूच खरं सांग. माझ्याच्याने होत नाही.

पलंगाशी दोन खुर्च्या आहेत. तुझे गुडघे कसे आहेत? इथे जिना नाही.

तुझी भांडखोर धाकटी