बाबा आणि टर्कीचा धूर
२५ डिसेंबर, मिल्टन कीन्स, इंग्लंड

केसांना अजून धुराचा वास येतोय. धुवावेसे वाटत नाहीत.

आई गेल्यावर बाबांना मीच नागपूरहून इथे आणलं. काल म्हणाले, "माझं परतीचं तिकीट अलीकडचं करून दे. इथे मला कामच काय आहे?"

सकाळी मी गार्डनमध्ये स्मोकर, म्हणजे मांस धुरावर भाजायची भट्टी, पेटवला. ख्रिसमसची टर्की मी पहिल्यांदाच करत होते, धूर नुसता पांढरा, दाट. बाबा मफलर गुंडाळून बाहेर आले. वीजकेंद्रात बॉयलरवर आयुष्य काढलेला माणूस. "असल्या धुराने कडू होईल. हवा वाढव, निळसर झाला पाहिजे." मग मला बाजूला करून स्वतःच खुर्ची टाकून बसले.

निळा धूर धुक्यात कुंपणावरून तरंगत होता आणि बाबा त्याच्याकडे बघत होते, सहा तास. इतके शांत त्यांना कधी पाहिलं होतं? मी खिडकीतून हललेच नाही.

बाबा शाकाहारी, त्यांनी वरणभातच खाल्ला. पण नजर आमच्या ताटांवर. समीर म्हणाला, "बाबा, फार मऊ झालीय." जावयाकडे बघून ते नुसते हसले.

वर जाताना जिन्यात थांबले.

"ईस्टरला इथे काय भाजतात गं?"