आधी त्याच्या दारात

बाबा, तुम्हाला लिहायचं किती दिवस टाळतोय. तुम्ही जाऊन दहा वर्षं झाली, आणि तुम्हाला वाचता तरी कुठं येत होतं, ही सबब मला पुरत होती. आज रविवार. बार्ज धक्क्याला बांधलेला, पुढं नुसती दलदल. बार्ज म्हणजे आपल्या मचव्यासारखाच, पण लोखंडी, सपाट. तुम्ही खाडीतून कौलं न्यायचात, मी या जर्मनीतल्या एम्स नदीतून तेलाच्या विहिरी खणायचे पाइप नेतो. ट्रक या मातीत रुततात, म्हणून नदी. हीच माती वाळवून इथले लोक चुलीत घालतात, वास थेट गोवऱ्यांसारखा. असो, भरकटलो.

गुरुवारी माझा बार्जवरचा जोडीदार पाइपांखाली सापडून गेला. चाळिशीचा, लढाईत दोन बोटं गमावलेला, मला इथल्या शिव्या शिकवणारा. बार्ज अजून हलत होता, तोच कप्तान ओरडला, "काढ त्या पाचरी, क्रेन खोळंबलीय." यानं मला डोळा मारला आणि पाइप अडवून धरणाऱ्या पाचरी उपटल्या. अख्खी रास घरंगळली.

आता कप्तान मला बिअर ओततो. "आल्झो, तर ऐक, पाचरी त्यानं आपल्या मनानं काढल्या. उद्या पोलिसाला एवढंच सांग. हॅम्बुर्गला जहाजावरून पळालास, कागद नाहीत तुझ्याकडं. मी कधी विचारलं?" मी बिअर तशीच ठेवून माझ्या खोलीत आलो.

तुमचा खलाशी बुडाला तो दिवस आठवतो. आई भात झाकून बसली आहे, आणि तुम्ही ओल्या धोतरानं आपल्या अंगणावरून सरळ पुढं जाता. मचवा चालवणाऱ्या तांडेलानं आधी मेलेल्याच्या दारात जायचं, मग स्वतःच्या. मी मागं धावलो, तर म्हणालात, "चल तूपण. ऐकू दे कानाला." त्याच्या बायकोला सांगितलंत, "शीड उतरवायला मलाच उशीर झाला." तिनं तुमच्या तोंडावर माती फेकली. घरी येईपर्यंत तुम्ही ती पुसली नाहीत.

इथं कप्तान गेला नाही. मीही नाही. जोडीदाराचं घर नदीच्या वळणावर, इथून धुराडं दिसतं. त्याच्या बायकोनं विणलेले मोजे आत्ता माझ्या पायात आहेत. खरं सांगतो, हे लिहायला बसलो तेही तिकडं जाणं टळावं म्हणून.

फळीवर पावलं वाजताहेत. कप्तान नव्हे, तो जड चालतो. खिडकीतून डोक्याला बांधलेला काळा, सुतकाचा रुमाल दिसतोय. त्याची बायको आली आहे, बाबा. तिलाच माझ्या दारात यावं लागलं. उठतो.