भागीमावशीच्या गोगलगायी

मु. उंबरतळे, ता. पेठ
१७ नोव्हेंबर २००३

प्रिय दत्तू,

हिरामणचा नमस्कार. आम्ही बरे आहोत, तूही सातपूरला बरा असशील. कारखान्यात कायम केलं का रे? इकडे भात कापून झालं, नागली अजून उभी आहे.

तुझं पत्र येऊन महिना झाला. आईचं तिकडे मन लागत नाही, तिला गावात परत आणू का, असं विचारलंस. उत्तर लिहायला बसायचो नि उठायचो.

आपल्या गटाच्या तळ्यातले मासे संपले. रोहू, कटला, सगळे. आधी अंगावर तिळाएवढे काळे ठिपके, मग डोळे पांढरे. कोंडा टाकला तरी दिसेना त्यांना, काठाच्या दगडांवर आपटायचे. डोकं मोठं नि अंग वाळलेलं. तुझ्या आईला गावानं घालवलं, त्यानंतरही मरतच राहिले.

परवा मत्स्य खात्याच्या तृप्ती मॅडम आल्या. माशाचा डोळा कापून यंत्राखाली ठेवला नि म्हणाल्या, "बघा." आत चपटे बारीक किडे वळवळत होते. बगळ्याच्या विष्ठेतून पाण्यात, तिथून गोगलगायीत, गोगलगायीतून माशात, असा त्यांचा फेरा म्हणे.

"गोगलगायी फार झाल्यात हो. आधी होत्या इतक्या?"

शेजारचा झिपरू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "भागीबाई येचायची ना. मोठ्या कालवणाला, बारक्या कोंबड्यांना. ह्यानंच बंद केली तिला."

खरं आहे. टोपलीत गोगलगायींखाली मासे लपवून नेते, असा मला संशय. टोपली उपडी केली तर गोगलगायीच निघाल्या. तरी तळ्यावर येऊ नको म्हणालो, सख्ख्या मावशीला, तुझ्या आईला. ती म्हणाली, "बरं बाबा, राखण तुझी हाय." मॅडमचं ऐकून रडू येईल वाटलं, पण आलं नाही. घरी जाऊन जेवलो. आताही काही वाटत नाही. हात लिहितोय, एवढंच.

राहिलेलं लिहितो. मासे मरायला लागले तेव्हा तळ्याची राखण माझी, म्हणून बैठकीत सगळे माझ्याकडे बघत होते. तू तिकडे, आणि तिला बैठकीला बोलावलंच नव्हतं. माझी पाचावर धारण बसली. म्हणालो, मावशीला पुटपुटत पाण्यात काहीतरी टाकताना मी पाहिलं. दत्तू, मी काहीही पाहिलं नव्हतं. 'भुताळी' हा शब्द दुसऱ्यानं काढला, पण तोंड आधी मी उघडलं. मग तिच्या घरावर दगड पडले, ते तुला ठाऊक आहे.

काल बैठक बोलावून सगळ्यांसमोर कबूल केलं. कोणी शिवीसुद्धा दिली नाही. निवृत्तीकाका म्हणाले, "झालं गेलं. येऊ दे तिला." जसं काही तिलाच आम्ही माफ करत होतो. मला लाज वाटली.

तिला अजून वाटतं, अख्ख्या गावात मी एकटाच तिच्या बाजूनं होतो. एस.टी.त बसवायला मीच गेलो ना. खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तू होता म्हून जिती सुटले." मी तो हात ठेवू दिला.

हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस. त्यानंतरही यायचं म्हणाली, तर तू घेऊन ये. मी फाट्यावर उभा राहीन.

खाली मावशीला नमस्कार लिहायची रीत आहे. मला लिहवत नाही.

हिरामण