मशीनच्या पोटातला झाडू

बाबा,

इथूनच तुमच्या पाया पडतो. माझी तब्येत ठणठणीत आहे, कामावरही सगळं ठीक. आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, मी वेळेवर जेवतो.

कॉलेजचं विचारलं होतंत. काय सांगू बाबा, अजून विश्वास बसत नाही! नोकरी सांभाळून पाच महिने आम्ही फळ्यावरच्या आकृत्या उतरवून घेतोय. आज पहिलं प्रात्यक्षिक होतं, कॉलेजच्या जाहिरातीत फोटो असलेल्या त्या मोठ्या एसीवर. दिवसभर एसीच दुरुस्त करणारी माणसं आम्ही, हजेरी होईपर्यंतही धीर निघेना. आमच्या वर्गातल्या टक्कलदादांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, चार स्क्रू सोडवले आणि पत्रा बाजूला केला.

आत झाडू, बादली आणि फरशी पुसायचं फडकं! ना मोटर, ना कॉम्प्रेसर. आम्ही बावीसजण वाकून वाकून आत बघू लागलो.

मला वाटलं, सर ओरडतील. पण त्यांचाच चेहरा पांढराफटक पडला होता. हळूच म्हणाले, "मीही आतून पहिल्यांदाच बघतोय. कॉम्प्रेसर नक्की कुठे असतो हो?"

मग मी त्याच पत्र्यावर खडूने काढून दाखवला, तुम्ही मला आपल्या दुकानात दाखवायचात तसा.

निघताना तुमच्याशी भांडलो होतो, नुसतं हाताने शिकलेल्याला कोण विचारतं म्हणून. दुकानाच्या दारामागचा, मला शिकवायला तुम्ही उघडून ठेवलेला जुना कॉम्प्रेसर भंगारात द्या, असंही बोललो होतो.

दिलात का हो? नसेल दिला, तर राहू द्या.

तुमचा,
धाकटा