रिकाम्या भांड्यानं प्यालेला गॅस

तीर्थस्वरूप सहदेवमामांना,

अमरावतीहून दीपमालाचा वाकून नमस्कार. (यंत्रापुढे बसून कंबर अशी धरली आहे की आठ महिने वाकूनच आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? शेक घेता की नुसतं घेतो म्हणता? फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही अर्ध्यातच हसता, आणि मला पूर्ण सांगायचं आहे.

तुम्ही तेल्हाऱ्याहून पाठवलेल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा मी कोळसा केला. त्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं असतात आणि त्यांच्या भिंतींना गॅस चिकटून बसतो. गोबरगॅसमध्ये जळणारा मिथेन असतो आणि फुकट जागा अडवणारा कार्बन डायऑक्साइड. कोळशानं दुसऱ्याला धरावं आणि पहिल्याला सोडावं, एवढीच माझी अपेक्षा. मोजायची रीत सोपी. बंद भांड्यात कोळसा ठेवायचा, गॅस सोडायचा आणि दाब किती उतरला ते बघायचं. जेवढा दाब उतरला तेवढा गॅस कोळशानं धरला. (माझं पतन याच वाक्यात आहे.)

एकेका गॅसचे आकडे शहाण्यासारखे आले. त्यांवरून मिश्रणाचा अंदाज बांधायचं जुनं सूत्र आहे. मिश्रणासाठी मी नवी नळी जोडली (स्वतःच, कुणाला हात लावू न देता) आणि मोजलं, तर कोळसा अंदाजाच्या दुप्पट गॅस पीत होता! शहाण्या माणसाला नळीचा संशय आला असता. मला सूत्राचा आला. दोन गॅस भोकांमध्ये एकमेकांना मदत करतात, असं नवं गणित मी मांडलं आणि त्यातल्या आकड्याला ‘सहजीवन गुणांक’ असं नावही दिलं. अकोल्याच्या परिषदेत टाळ्या पडल्या. कधीही कौतुक न करणाऱ्या माझ्या मार्गदर्शक वसंत सरांनी स्वतः मला चहा आणून दिला. पेपर छापायला गेला.

मग एका दुपारी आमच्या प्रयोगशाळेतले जुने कर्मचारी नत्थुजी म्हणाले, “मॅडम, कोयसा इतला कसा पिऊन राह्यला? रिकामं भांडं लावून पायलं का?” मी त्यांना दहा मिनिटं हातवारे करून विज्ञान समजावलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं, साबणाचा फेस आणला आणि माझ्या नळीच्या सांध्यावर लावला. बुडबुडे आले. चांगले बोराएवढे. मग मी भांडं रिकामं करून मोजलं, तर अंदाजापेक्षा जेवढा जास्त दिसत होता, जवळपास तेवढाच गॅस कोळशाशिवायही भांड्यानं प्याला, म्हणजे सांध्यातून गळला.

दोन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. नत्थुजी सोडले तर कुणाला कळणारही नव्हतं. तिसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत गेले आणि सांगून टाकलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, “पेपर मागे घ्यायचं पत्र तुम्हीच लिहा. मग खरं मोजा.” मी लिहिलं. (मध्ये दोनदा रडले.) नंतर दीड महिना पुन्हा मोजलं आणि सगळे आकडे जुन्या सूत्रावर अलगद येऊन बसले. म्हणजे आठ महिने खपून मी एवढंच सिद्ध केलं की माझ्या आधीची माणसं बरोबर होती. पण मामा, ती रेघ कागदावर नीट बसली ना, तेव्हा झालेला आनंद अकोल्याच्या टाळ्यांपेक्षा मोठा होता. खरं बोलायला हिंमत लागते, ती आपल्यात आहे हे कळलं.

मामींना नमस्कार.

तुमची,
दीपमाला

ता. क. आईला मी मार्चमध्येच सांगितलं आहे की पीएचडीचा प्रबंध जमा झाला. अजून वर्ष तरी लागेल. तुम्ही नांदगावला जाऊन तुमच्या बहिणीला तेवढं सांगाल का? माझी हिंमत होत नाही.

ता. क. २ आत्ताच आईचा फोन आला. तिनं गल्लीभर पेढे वाटलेत आणि एक डबा शेजारच्या सागरच्या हाती तुमच्याकडे निघाला आहे. तर आधी पेढे खाऊन घ्या. सांगायचं ते मग सांगा.